कोळशाचे संच बंद केले तर अंधार होईल का?

'कोळशाचे संच चोवीस तास वीज देतात, ते बंद केले की अंधारच,' हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. ते खरं नाही.

कोळशाचा संचही बंद पडतो. बॉयलरच्या एका नळीला टाचणीएवढं भोक पडलं, तरी ५०० मेगावॉटचा अख्खा संच थांबवावा लागू शकतो. दुरुस्तीला आत शिरायचं तर आधी बॉयलर निवायला हवा. पुन्हा सुरू करतानाही घाई चालत नाही: थंड टर्बाइनमध्ये, म्हणजे वाफेच्या जोरावर फिरणाऱ्या यंत्रात, एकदम तापलेली वाफ सोडली, तर जाड धातूला तडे जाऊ शकतात. म्हणून तासन्‌तास हळूहळू तापवायचं. संध्याकाळी अचानक मागणी वाढली, तर असा थंड संच काय कामाचा? तिथे जलविद्युत आणि बॅटऱ्या धावून येतात.

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात २००३ मध्ये सुमारे पाव वीज कोळशाची होती. २०१४ मध्ये ती शून्यावर आली. ब्रिटननेही शेवटचं केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद केलं. दिवे चालूच राहिले.

अर्थात, हे आपोआप झालं नाही. ऑन्टॅरिओने बंद अणुभट्ट्या दुरुस्त करून सुरू केल्या, गॅसचे संच उभारले, पवनऊर्जा वाढवली. पर्याय उभे न करता कोळसा थांबवणं धोक्याचंच, ही भीती मात्र रास्त आहे.