दाढ बधिर होते, भीतीचं काय?

दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसलं की दुखण्याची आणि भीतीची सरमिसळ होते. रुग्ण म्हणतो, "दुखतंय." डॉक्टर म्हणतात, "जागा बधिर झालीय, दुखणार नाही." खरं तर दोघंही बरोबर असू शकतात. दुखणं आणि भिणं यांच्यावरची औषधं वेगळी असतात, आणि एकाचं औषध दुसऱ्यावर नीट चालत नाही.

आधी दुखण्याचं पाहू. हिरडीत जे इंजेक्शन देतात, त्यात बहुतेकदा लिग्नोकेन असतं. निल्स लॉफग्रेन या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १९४३ साली ते तयार केलं. चेतातंतूंमधून वेदनेचा संदेश पुढे सरकतो तो सोडियमचे आयन आत शिरल्यामुळे. लिग्नोकेन तंतूच्या आत जाऊन हे दार आतून अडवतं. मात्र दाढेच्या मुळाशी पू झाला असेल, सूज असेल, तर तिथली आम्लता वाढलेली असते. त्यामुळे औषधाच्या पुष्कळ रेणूंवर विद्युतभार येतो आणि त्यांना तंतूचं आवरण ओलांडता येत नाही. ठणकणारी दाढ लवकर बधिर होत नाही याचं हे एक कारण. तेव्हा "मला इंजेक्शन लागू पडत नाही" असं सांगणाऱ्या माणसाला नाजूक ठरवू नये.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. वेदना थांबली तरी दाब आणि हादरा जाणवत राहतो, कारण त्यांचे संदेश नेणारे जाड तंतू या औषधाला सहज दाद देत नाहीत. निवांत माणसाला तो नुसता दाब वाटतो. घाबरलेल्या मेंदूला तोच दाब वेदनेसारखा वाटतो. त्यातच इंजेक्शनचा असर टिकावा म्हणून औषधात थोडं ॲड्रेनॅलिन मिसळलेलं असतं. त्यानं काही मिनिटं छाती धडधडू शकते. हे आधी सांगितलं नसेल, तर आपल्याला काहीतरी होतंय या समजुतीनं रुग्ण आणखी घाबरतो.

आज भीतीवर वापरतात तो वायू दंतवैद्यकाला खूप आधीपासून माहीत आहे, सुरुवातीला मात्र दुखण्यावरचा उपाय म्हणून. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात डिसेंबर १८४४ मध्ये लाफिंग गॅसचा, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचा, करमणुकीचा जाहीर प्रयोग झाला. तो हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला जखम झाली आणि त्याला पत्ताच नव्हता. प्रेक्षकांत होरेस वेल्स नावाचे दंतवैद्य होते. दुसऱ्याच दिवशी, ११ डिसेंबरला, त्यांनी स्वतः तो वायू घेतला आणि सहकाऱ्याकडून आपली दाढ उपटून घेतली. पुढच्या महिन्यात बॉस्टनला डॉक्टरांसमोर दाखवताना रुग्ण ओरडला आणि वेल्स यांची हेटाळणी झाली. १८४८ साली ते गेले. त्यांनी शोधलेली वाट मात्र बरोबर होती.

त्या काळी हा वायू ऑक्सिजन न मिसळताच पिशवीतून देत. आज तो नाकावरच्या मऊ मास्कमधून ऑक्सिजनसोबत देतात, आणि ऑक्सिजन साधारण ३० टक्क्यांच्या खाली जाणार नाही अशी यंत्राची रचना असते. साध्या हवेत तो २१ टक्के असतो. हा वायू रक्तात फारसा विरघळत नाही, म्हणून दोन-तीन मिनिटांत हातपाय सैल पडतात आणि शेवटी पाचेक मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की माणूस ताळ्यावर येतो. रुग्ण जागा असतो, बोलतो, सांगितलेलं ऐकतो. नाक चोंदलेलं असेल, गर्भारपणाचे पहिले तीन महिने असतील किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असेल, तर मात्र डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

भीती याहून मोठी असेल तर गुंगीची औषधं असतात. डायझेपाम किंवा मिडाझोलाम मेंदूतल्या गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवतात. गोळीत अडचण अशी, की ती कुणाला किती चढेल याचा नेमका अंदाज येत नाही आणि एकदा गिळली की मागे घेता येत नाही. शिरेतून मिडाझोलाम देताना थोडं द्यायचं, थांबून पाहायचं, मग पुढचं द्यायचं, असं करता येतं. गरज पडली तर त्याचा असर उलटवणारं फ्लुमॅझेनिलही हाताशी असतं. तरीही हलकी गुंगी कुठे संपली आणि गाढ कुठे सुरू झाली याची ठळक रेघ नसते. गाढ गुंगीत श्वास मंदावू शकतो. म्हणून बोटाला ऑक्सिजन मोजणारं यंत्र हवं, श्वासावर लक्ष ठेवणारा प्रशिक्षित माणूस हवा, आणि उपचारानंतर रुग्णाला घरी न्यायला कुणीतरी हवं. त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

पूर्ण भूल वेगळीच. तिथे भूलतज्ज्ञ लागतो, आधी सहा तास जेवण बंद असतं, आणि काम तोंडातच असल्याने श्वासमार्ग सांभाळणं जिकिरीचं होतं. अगदी लहान मुलं, काही दिव्यांग व्यक्ती किंवा मोठी शस्त्रक्रिया यांच्यासाठी ती योग्य. एका दाढेसाठी नुसत्या भीतीपोटी ती मागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि गुंगी दिली तरी हिरडीतलं इंजेक्शन सहसा चुकत नाही. गुंगीनं भीती उतरते, दाढ बधिर होत नाही. फक्त सुई टोचताना जीव टांगणीला लागत नाही.

मिडाझोलामचा आणखी एक परिणाम असतो. गुंगीतलं पुढे फारसं आठवत नाही. त्या दिवशी हे वरदान वाटतं. पण सगळं नीट पार पडलं हेही आठवत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी भीती पहिल्याइतकीच असू शकते. ती कमी व्हायची तर मेंदूला जागेपणी अनुभव यायला हवा. त्यासाठी मानसोपचारातल्या ठरलेल्या पद्धती आहेत. पहिल्या भेटीत नुसतं खुर्चीत बसायचं, दुसऱ्या भेटीत आरसा तोंडात घेऊ द्यायचा, आणि डावा हात वर केला की डॉक्टर लगेच थांबतील हे आधीच ठरवून घ्यायचं. तो हात एकदा मुद्दाम वर करून पाहावा.