फायलोड्स अर्बुद : शस्त्रक्रियेनंतरचा किरणोपचार

फायलोड्स ही स्तनातली दुर्मीळ गाठ. स्तनाच्या एकूण गाठींत तिचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. नेहमीचा स्तनाचा कर्करोग दुधाच्या नलिकांच्या अस्तरात सुरू होतो. फायलोड्सची वाढ मात्र भोवतालच्या आधार-ऊतीची असते आणि ती झपाट्याने होते. गाठ कापली की आत कोबीच्या पानांसारखे पदर दिसतात. म्हणूनच योहानेस म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये ग्रीकमधल्या ‘पान’ या शब्दावरून तिला हे नाव दिले. सौम्य, सीमावर्ती आणि घातक असे तिचे तीन प्रकार आहेत. किरणोपचाराचा विचार होतो तो बहुतेक शेवटच्या दोहोंत.

मुख्य उपचार शस्त्रक्रियाच. गाठीबरोबर भोवतालचा साधारण एक सेंटिमीटर निरोगी भागही काढतात. हा आजार पसरलाच तर रक्तावाटे, बहुधा फुफ्फुसांत. म्हणून काखेतल्या लसीका ग्रंथी सहसा काढत नाहीत. हार्मोनच्या गोळ्यांचा इथे उपयोग नाही, केमोचाही मर्यादितच.

किरणांमुळे गाठ त्याच जागी पुन्हा उगवण्याचा धोका घटतो. आयुष्य वाढते असे मात्र सिद्ध झालेले नाही. संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वी रुग्णाला हा फरक साध्या शब्दांत सांगायलाच हवा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्तन राखून शस्त्रक्रिया झालेल्या, कडा मोकळ्या असलेल्या (म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला गाठीच्या पेशी न सापडलेल्या) ४६ स्त्रियांना किरण दिले. सुमारे साडेचार वर्षांच्या मध्यक पाठपुराव्यात (निम्म्या जणींचा याहून जास्त) एकीचीही गाठ जागेवर परतली नाही. अर्थात तुलनेसाठी किरण न दिलेला गट त्यात नव्हता. त्यामुळे गाठीचा आकार, कडा आणि प्रकार पाहूनच निर्णय होतो. पूर्ण स्तन काढला असेल आणि कडा चांगल्या मोकळ्या असतील, तर किरण अनेकदा टाळता येतात.

सगळी भिस्त पॅथॉलॉजीच्या, म्हणजे काढलेल्या गाठीच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीच्या, रिपोर्टवर. गावाकडे ‘साधी गाठ’ म्हणून काढलेली गाठ कधी कधी या तपासणीत फायलोड्स निघते. म्हणून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१, १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे) बाहेरगावचे रुग्ण फाइलसोबत गाठीच्या नमुन्याच्या काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉकही घेऊन येतात, ते तिथे नव्याने तपासले जातात.

रुग्णांच्या बोलण्यात किरणोपचार म्हणजे ‘शेक’, पण त्यात भाजल्यासारखे काही जाणवत नाही. जखम भरल्यावर सीटी स्कॅन काढून आखणी करतात आणि छातीवर खुणा करतात. प्रचलित मात्रा ५० ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक), २५ वेळांत. सोमवार ते शुक्रवार अशी पाच आठवडे. गाठीच्या जागेवर गरजेप्रमाणे थोडी जादा मात्रा देतात. डाव्या स्तनासाठी श्वास रोखून धरायला सांगतात, म्हणजे हृदय किरणांपासून लांब राहते. यंत्र चालते काही मिनिटेच. खरा वेळ जातो बाकावर नंबर येईपर्यंत आणि लोकलमध्ये. मुंबईच्या घामाने शाईच्या खुणा फिकटतात. त्या घरी पेनाने गिरवू नयेत, तंत्रज्ञालाच दाखवाव्यात. मुक्कामासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा बाहेरगावच्यांना मोठा आधार आहे.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्वचा काळवंडते, स्तनाखालच्या घडीत सोलवटते. सैल सुती ब्लाउज तेव्हा बरा पडतो. या किरणांनी शरीर किरणोत्सारी होत नाही, त्यामुळे घरी जाऊन नातवंडाला मांडीवर घ्यायला काहीच हरकत नाही. गाठ परतायची असेल तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत परतते. त्या काळात स्तनाबरोबर छातीचीही तपासणी करतात.