सुई टेकली की थाळी किती अडते?

दोन वर्षांपूर्वी ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या घराच्या माळ्यावरून वडिलांचा रेकॉर्ड वाजवायचा टर्नटेबल खाली काढला. पुसला, तेल घातलं, सुई नवी आणली. ऐकायला चरईहून मावशी आली. चाळीस वर्षं पेटी वाजवणारी बाई ती. पहिलं गाणं अर्ध्यावरही आलं नव्हतं, तोच तिने पेटीचा भाता हलवला, काळी एक दाबली आणि म्हणाली, "अरे, षड्ज उतरलाय. ह्या बाई एवढ्या खाली नाही गायच्या."

"मावशी, वेग तपासलाय मी," मी म्हणालो.

"मग परत तपास."

मी तपासलं होतं ते जुन्या रीतीने, टर्नटेबलच्या फिरत्या थाळीवर ठेवायच्या रेघांच्या चकतीवर. एलपी रेकॉर्ड १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने बाजारात आणली, तेव्हापासून तिचा वेग मिनिटाला ३३⅓ फेऱ्या. म्हणजे एका फेरीला १.८ सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर चालणारा साधा बल्ब सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. एका फेरीत १८० वेळा. म्हणून चकतीवर १८० रेघा छापतात. वेग बरोबर असेल तर दर उजळण्याला प्रत्येक रेघ पुढच्या रेघेच्या जागी येते आणि सगळ्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. सेकंदाला एक रेघ मागे सरकली, तर वेग एक टक्का कमी. दहा सेकंदांत एक सरकली, तर ०.१ टक्का. इतकी स्वस्त आणि इतकी बारीक मोजपट्टी क्वचितच मिळते. अडचण एकच: हल्लीचे बरेच एलईडी दिवे असे लुकलुकत नाहीत, त्यांच्याखाली रेघांचा नुसता करडा धूर दिसतो. मी देवघरातला झीरोचा बल्ब काढून आणला. रेघा फिकट दिसल्या, पण उभ्या होत्या.

चूक दोन ठिकाणी होती, आणि पहिली ऐरोलीपर्यंत जाते.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोलीला राज्य भार प्रेषण केंद्र आहे. महाराष्ट्रात वीज किती तयार होतेय आणि किती खपतेय, यावर तिथून चोवीस तास नजर असते. देशाचं विजेचं जाळं, म्हणजे ग्रिड, एकच. मागणी वाढली की सगळी जनित्रं किंचित मंदावतात आणि ५० हर्ट्झचे ४९.९ होतात. वडिलांच्या टर्नटेबलची मोटर सिंक्रोनस जातीची, म्हणजे विजेच्या तालावरच फिरणारी. आणि माझा बल्बही त्याच तालावर लुकलुकणारा! ताल संथ झाला तर दोघेही सारखेच संथ होणार आणि रेघा तरीही उभ्याच दिसणार. ज्याला मोजायचं त्याच्याच हातात गज द्यावा, तसला हा प्रकार.

आज याने फारसं बिघडत नाही. ग्रिडसाठी ठरलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झचा आहे. खालच्या टोकालासुद्धा फरक ०.२ टक्के, म्हणजे सुमारे साडेतीन सेंट (एका अर्ध्या स्वराचे शंभर सेंट). प्रमाणश्रुतीचं, म्हणजे आपल्या संगीतातल्या एका बारीक स्वरांतराचं माप साडेएकवीस सेंटचं, तेव्हा हे मावशीच्याही कानाला लागायचं नाही. नव्वदच्या दशकात मात्र मागणीच्या वेळी ग्रिड ४८.५ पर्यंत घसरायचं. तीन टक्के! काळी एक आणि पांढरी एक यांच्या बरोबर मधोमध जाऊन पडेल एवढी घसरण. त्या संध्याकाळी घरोघरच्या गायिका पाव स्वर खाली गात होत्या, आणि चकती म्हणत होती सगळं ठीक.

दुसरी चूक माझी स्वतःची. मी सुई वर उचलून मोजलं होतं.

सुईचा भार दोन ग्रॅम. प्लास्टिकच्या खाचेत घासताना तिला मागे ओढणारं बल या भाराच्या साधारण पाव पट धरलं, तर अर्ध्या ग्रॅमच्या वजनाएवढं होतं. हसू येईल इतकं थोडं. पण ते थाळीच्या मध्यापासून चौदा सेंटिमीटरवर लागतं, लांब दांड्याच्या टोकाशी. सव्वा किलोची थाळी फिरत असताना मोटर बंद केली आणि बेअरिंगचं घर्षण शून्य मानलं, तरी एकटी ही सुई तिला मिनिट-सव्वा मिनिटात थांबवेल. मी कागदावर हिशेब करून पाहिला आणि मग पुन्हा केला, कारण खरं वाटेना.

मोटर चालू असताना थाळी थांबत नाही, पण ते ओढणं कुणीतरी सोसावं लागतं. सिंक्रोनस मोटर हटत नाही, मोटरवरून थाळी फिरवणारा रबरी पट्टा हटतो. मोटरच्या पुलीवर येताना तो ताणलेला असतो, सुटताना सैलावतो, आणि सैलावताना पुलीवर किंचित मागे सरकतो. ओढ वाढली की हे सरकणंही वाढतं आणि थाळी तेवढी मागे पडते. पट्टा जुना, गुळगुळीत झालेला असेल तर सरळ घसरतो. शिवाय ओढ एकसारखी नसते. जोरकस भागात खाच जास्त वळणांची असते, सुई जास्त हलवावी लागते आणि ती ऊर्जाही थाळीकडूनच येते. जड थाळी असे क्षणिक धक्के पचवते, म्हणून शौकीन जड थाळीचे गोडवे गातात. सततच्या ओढीवर मात्र वजनाचा काडीचा उपयोग नाही. सुई आतल्या खाचांकडे गेली की मध्यापासूनचं अंतर चौदावरून सहा सेंटिमीटरवर येतं, ओढीचा जोरही तेवढाच कमी होतो. त्यामुळे अशा यंत्रावर शेवटचं गाणं पहिल्यापेक्षा जरा चढं वाजतं. पट्टाच काढून टाकून मोटरवर थेट थाळी बसवायची, हा मार्ग १९७० साली टेक्निक्सच्या एसपी-१० ने बाजारात आणला.

मग मी घड्याळ लावलं. शंभर फेऱ्या म्हणजे बरोबर १८० सेकंद. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवायचा, मोबाइलचं स्टॉपवॉच लावायचं आणि मुकाट मोजायचं. स्टॉपवॉच क्वार्ट्‌झवर चालतं, त्याचा ऐरोलीशी संबंध नाही. बोटाची चूक पाव सेकंदाची धरली, तरी ती तीन मिनिटांत ०.१४ टक्केच. फोनच थाळीवर ठेवून वेग दाखवणारी ॲप मिळतात, पण मग सुई टेकवायला जागाच उरत नाही, आणि मोजायचं तर तेच आहे.

सुई वर: १८०.२ सेकंद. सुई बाहेरच्या खाचांत: १८१.९. बरोबर १८० पेक्षा एक टक्क्याहून जास्त संथ, म्हणजे अठरा सेंट खाली. मावशीने एका स्वरात जे सांगितलं ते मला मोजायला दोनशे फेऱ्या लागल्या. नवा पट्टा आणून बसवला. आता सुई वर १८०.१, सुई खाली १८०.३.

मावशीला बोलावलं. तिने काळी एक दाबून धरली, मान डोलावली आणि गाणं लांबवलेल्या पंचमावर आलं तशी पुन्हा कपाळाला आठी घातली. "षड्ज आला जागेवर. पण हा झोका का घेतोय?" दोन सेकंदांच्या आतबाहेर एक झोका, वर-खाली. सुई उचलून रेकॉर्ड हातात घेतली. मधलं भोक जेमतेम अर्धा मिलिमीटर बाजूला पडलं होतं. मध्यापासून दहा सेंटिमीटरवर तेवढ्याने वेग अर्धा टक्का वर, अर्धा टक्का खाली होतो, प्रत्येक फेरीत एकदा. ते कारखान्यातूनच तसं आलेलं.