सोनोग्राफी यंत्रातील इलेक्ट्रॉनिकी

श्राव्यातीत, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा ध्वनी शरीरात सोडून त्याच्या प्रतिध्वनींवरून आतल्या अवयवांचे चित्र उभे करणाऱ्या यंत्रातील विद्युत् मंडलांची रचना. रोगनिदानासाठी साधारणपणे २ ते १५ मेगाहर्ट्झ कंप्रता वापरतात. चित्र चांगले की वाईट, हे बरेचसे प्रोबच्या, म्हणजे शरीरावर टेकवायच्या हातातल्या भागाच्या, लगेच मागच्या मंडलांतच ठरते. तिथे विद्युत् गोंगाटात बुडालेला प्रतिध्वनी पुढे कितीही गणित केले तरी हाती लागत नाही.

हे तंत्र कारखान्यातून दवाखान्यात आले. धातूतील भेगा शोधणारे यंत्र इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे हृदयाच्या तपासणीसाठी वापरले. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांचा पोटातील गाठींवरचा प्रसिद्ध निबंध १९५८ चा. त्याचे सहलेखक टॉम ब्राउन हे अभियंता होते. डोनाल्ड यांचे नाव सगळे घेतात. यंत्र प्रत्यक्ष घडवणाऱ्या ब्राउन यांचेही तितक्याच आदराने घ्यायला हवे.

प्रोबमध्ये दाबविद्युत् पदार्थाच्या बारीक पट्ट्या ओळीने बसवलेल्या असतात. १२८ पट्ट्यांची रचना नेहमीची. पट्टीला विद्युत् धक्का दिला की ती थरथरते आणि परतलेला ध्वनी आदळला की तीच वीज निर्माण करते. खरी अडचण इथेच आहे. धक्का असतो शंभर व्होल्टच्या आसपास आणि खोलवरून आलेला प्रतिध्वनी भरतो जेमतेम काही मायक्रोव्होल्ट. दोन्हींची वाट एकच, केसासारख्या बारीक तारांच्या केबलमधली. म्हणून प्रत्येक चॅनेलवर, म्हणजे पट्टीच्या संकेताच्या स्वतंत्र वाटेवर, एक स्विच लागतो. धक्क्याच्या वेळी तो नाजूक ॲम्प्लिफायरला वाचवतो आणि धक्का ओसरताच वाट मोकळी करतो. त्याला उशीर झाला, तर त्वचेलगतचा भाग चित्रात दिसतच नाही.

मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. १ सेंटिमीटर खोलीवरून परत यायला त्याला १३ मायक्रोसेकंद लागतात, १५ सेंटिमीटरवरून सुमारे २००. वाटेत तो क्षीणही होतो : दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे साधारण अर्धा डेसिबेल. पोटासाठी ३.५ मेगाहर्ट्झचा प्रोब घेतला, तर १५ सेंटिमीटरच्या जाण्यायेण्यात ५० डेसिबेलहून अधिक घट होते, म्हणजे व्होल्टेज चारशेव्या हिश्शाच्या आसपास येते. ही घट भरून काढण्यासाठी ॲम्प्लिफायरची वर्धनक्षमता त्या २०० मायक्रोसेकंदांतच चढवत न्यावी लागते. पॅनेलवर एकाखाली एक असलेल्या सरकत्या बटणांनी डॉक्टर हाच चढ जुळवतात. यकृताचा वरचा भाग उजळ आणि खालचा काळा दिसू लागला की हात आपसूक खालच्या बटणांकडे जातो.

पुढे प्रत्येक चॅनेलचा संकेत अंकीय रूपात बदलतात आणि पट्टीपट्टीला वेगवेगळा विलंब देऊन बेरीज करतात. एकाच बिंदूवरून आलेले प्रतिध्वनी अशाने एकमेकांत मिळतात, बाकीचे विरून जातात. विलंब काही नॅनोसेकंदांच्या पायरीने जुळवावे लागतात. पूर्वी त्यासाठी कपाटाएवढे यंत्र लागे. आता अनेक चॅनेल एका चिपवर मावतात आणि यंत्र खिशात बसते. भारतात गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली यंत्रांची नोंदणी बंधनकारक आहे. केंद्राचा कायदा १९९४ चा. महाराष्ट्राने मात्र १९८८ मध्येच असा कायदा केला होता.

वीजपुरवठा हा दुर्लक्षित, पण फार छळणारा भाग. स्विचिंग, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून व्होल्टेज बदलणाऱ्या पुरवठ्याचा गोंगाट ॲम्प्लिफायरमध्ये शिरला की डॉप्लरच्या, म्हणजे रक्ताचा वेग दाखवणाऱ्या, आलेखात एक सरळ आडवी रेघ उमटते. प्रोब हवेत धरला तरी ती जात नाही. त्यामुळे जाणते अभियंते पुरवठ्याची कंप्रता यंत्राच्या मुख्य घड्याळाशी बांधून ठेवतात. उष्णतेचेही बंधन असते : शरीराला टेकलेल्या प्रोबचा पृष्ठभाग ४३ अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये.

डॉप्लर पद्धतीत रक्ताच्या वेगामुळे कंप्रतेत पडणारा फरक मोजतात. ४ मेगाहर्ट्झचा ध्वनी सेकंदाला ५० सेंटिमीटर वेगाने प्रोबकडे येणाऱ्या रक्तावरून परतला, तर हा फरक सुमारे २६०० हर्ट्झ भरतो, म्हणजे थेट कानाला ऐकू येईल एवढा. प्रसूतिकक्षातल्या साध्या फीटल डॉप्लरला म्हणूनच पडदाही लागत नाही. हाच फरक वाढवून स्पीकरला दिला, की पोटावर जेल लावून पहुडलेल्या आईला बाळाचे ठोके ऐकू येतात.