फीडबॅक डिले नेटवर्क

फीडबॅक डिले नेटवर्क : बंदिस्त जागेत आवाज घुमत राहतो, त्याला निनादन किंवा अनुरणन म्हणतात. हे निनादन संगणकावर मोजक्या आकडेमोडीत निर्माण करणारी ही रचना आहे. तीत काही विलंबवाहिन्या असतात. प्रत्येक वाहिनी आत आलेला आवाज ठरावीक काळ धरून ठेवते आणि मग सोडते. सुटलेले सगळे आवाज एका मॅट्रिक्समधून (कोणत्या वाहिनीचा आवाज कोणत्या वाहिनीत किती जायचा, हे ठरवणाऱ्या आकड्यांच्या चौकटीतून) परस्परांत मिसळतात आणि थोडे क्षीण होऊन पुन्हा वाहिन्यांच्या तोंडाशी येतात. आभासी वास्तवाच्या हेडसेटमध्ये या रचनेला विशेष महत्त्व आहे. निनादन नसेल तर हेडफोनमधला आवाज डोक्याच्या आतच अडकल्यासारखा वाटतो; शिवाय स्रोत किती लांब आहे, हे कान बऱ्याच अंशी थेट आवाज आणि निनाद यांच्या प्रमाणावरूनच ताडतो.

निनादन निर्माण करण्याचा दुसरा मार्ग प्रत्यक्ष नोंदीचा. खोलीत फुगा फोडून त्याची नोंद घेतली, की त्या जागेचा आवेग-प्रतिसाद, म्हणजे क्षणिक आवाजाला खोलीने दिलेला प्रतिसाद, मिळतो. कोणत्याही कोरड्या (निनाद नसलेल्या) आवाजाचे या नोंदीशी संवलन केले, म्हणजे आवाजाच्या प्रत्येक आकड्याने सगळी नोंद गुणून त्यांची बेरीज केली, की तो आवाज त्या खोलीतला वाटू लागतो. पण २ सेकंदांची नोंद सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या (आवाजाच्या मोजलेल्या आकड्यांच्या) दराने ९६,००० आकड्यांची होते. सरळ गणिताने एका कानासाठी, एकाच स्रोताकरिता सेकंदाला सुमारे ४६० कोटी गुणाकार करावे लागतात. फूरिये रूपांतराने (आवाजाची कंप्रतांत फोड करणाऱ्या गणिताने) हा भार पुष्कळ उतरतो, आणि नोंदीचे लहानमोठे तुकडे पाडून विलंबही टाळता येतो, हे संशोधक गार्डनर यांनी १९९५ मध्ये दाखवले. तरी ऐकणारा दोन पावले चालला, की नोंद बदलते. हेडसेटवर तर २५६ नमुन्यांच्या एका हप्त्याला जेमतेम ५.३ मिलिसेकंद मिळतात, आणि त्याच प्रोसेसरला चित्रही काढायचे असते. म्हणून कमी आकडेमोडीची ही रचना सोयीची पडते.

निनादनकाळ म्हणजे आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ. तो प्रथम अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सेबाइन यांनी पद्धतशीर मोजला. हार्वर्डच्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृहात बोललेले कळत नसे. १८९५ पासून सेबाइन यांनी शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या रात्री तिथे आणून मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते टिपले. त्यातून आलेले सूत्र आजही पहिल्या अंदाजाला पुरते : घनफळाला (घनमीटर) एकूण शोषणाने (चौरस मीटर) भागून ०.१६१ ने गुणले, की सेकंद मिळतात.

उगमाचा वाद : या रचनेचे जनकत्व कोणाकडे, यावर एकमत नाही. बेल प्रयोगशाळेतील मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६१-६२ मध्ये समांतर कंगवा-फिल्टर (आवाज विलंबाने स्वतःतच पुन्हा मिसळणारे) आणि त्यांच्यापुढे सर्वपारक फिल्टर (सगळ्या कंप्रता सारख्याच पार करणारे) अशी मांडणी केली. संख्यात्मक निनादनाची सुरुवात बहुतेक ग्रंथ तिथूनच धरतात. पण श्रोडर यांचे कंगवे आपापल्यापुरते घुमतात, एकमेकांत मिसळत नाहीत. त्यामुळे ते या रचनेचे पूर्वज ठरतात, रचना नव्हेत. मायकेल गर्झन यांनी १९७१-७२ च्या सुमारास अनेक वाहिन्या ऊर्जा राखणाऱ्या मॅट्रिक्सने जोडण्याची कल्पना मांडली आणि १९७६ मध्ये तिची गणिती बाजू दिली. संगणक-संगीताच्या परंपरेतले लेखक मात्र स्टाउटनर आणि पकेट यांच्या १९८२ च्या चार वाहिन्यांच्या रचनेला पहिला मान देतात. झाँ-मार्क झो यांनी शेन्य यांच्यासह १९९१ मध्ये दिलेली पद्धत अशी : आधी आवाज मुळीच न विरणारे जाळे बांधावे, त्याचा रंग (कोणत्या कंप्रता अधिक घुमतात ते) तपासावा आणि मगच प्रत्येक वाहिनीत शोषण घालावे. तारखा पाहता कल्पनेचे श्रेय गर्झन यांना देणे अधिक न्याय्य दिसते. रचना हाताळण्याजोगी झाली ती मात्र झो यांच्यामुळे, कारण त्यांच्या पद्धतीत निनादनकाळ कंप्रतेनुसार नेमका ठरवता येतो.

रचनेचा तपशील : समजा, चार वाहिन्यांची लांबी १४९९, १८८९, २३८१ आणि २९९९ नमुने आहे. चारही मूळ संख्या आहेत. लांबींना सामाईक अवयव असले, तर प्रतिध्वनी एकाच क्षणी येऊन आदळतात आणि पत्र्याच्या पिंपात बोलल्यासारखा खणखणाट येतो. सेकंदाला ४८,००० नमुने धरले, तर २ सेकंदांच्या निनादनकाळासाठी पहिल्या वाहिनीचा गुणक (दर फेरीला आवाज ज्याने गुणायचा तो आकडा) ०.८९८ आणि शेवटच्या वाहिनीचा ०.८०६ येतो, लांब वाहिनीतून आवाज कमी वेळा फिरतो, म्हणून दर फेरीला तो अधिक उतरवावा लागतो. मात्र वाहिन्यांची एकूण लांबी निनादनकाळ, नमुनादर आणि ०.१५ यांच्या गुणाकाराहून कमी नसावी, असा संकेत आहे. इथे तो गुणाकार १४,४०० होतो आणि बेरीज भरते अवघी ८,७६८. चार वाहिन्या अपुऱ्या पडतात, त्या अशा. म्हणून व्यवहारात आठ किंवा सोळा घेतात.

मॅट्रिक्सची निवड हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. हाउसहोल्डर मॅट्रिक्स अतिशय स्वस्त पडते : सगळ्यांची एकदा बेरीज करायची आणि तिचा ठरावीक भाग प्रत्येकातून वजा करायचा. चार वाहिन्यांना ती आदर्शच म्हणावी, कारण तिचा प्रत्येक घटक अर्धा, धन वा ऋण, असतो. सोळा वाहिन्यांना मात्र कर्णावरचे (वाहिनीचा आवाज तिच्यातच परत नेणारे) घटक ०.८७५ आणि बाकीचे अवघे ऋण ०.१२५ होतात, वाहिन्या आपापल्यातच घुमत राहतात आणि प्रतिध्वनींची दाटी उशिरा होते. हादामार मॅट्रिक्समध्ये सगळे घटक सारख्याच मापाचे, धन वा ऋण पाव, असतात आणि काम ६४ बेरजा-वजाबाक्यांत भागते. सोळा वाहिन्यांसाठी हीच निवडावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

आभासी वास्तवातील वापर : येथे निनादनाचे दोन भाग पाडतात. भिंती, छत, जमीन यांवरून आलेले पहिले काही परावर्तित आवाज दिशेनिशी वेगळे मोजले जातात. ॲलन आणि बर्कली यांची १९७९ ची प्रतिमा-स्रोत पद्धत त्यासाठी सोयीची आहे. पुढची शेपटी, म्हणजे उरलेला निनाद, हे जाळे पुरवते. सांधा कुठे ठेवायचा? घनफळाच्या वर्गमूळाइतके मिलिसेकंद, हा ढोबळ नियम. ६० घनमीटरच्या दिवाणखान्याला सुमारे ८, तर १०,००० घनमीटरच्या सभागृहाला १००. त्यानंतर इतके प्रतिध्वनी दाटतात, की कानाला ते सुटे ओळखता येत नाहीत. प्रत्येक आवाज अचूक असण्यापेक्षा दाटी आणि उतार बरोबर असणे पुरते. या सवलतीमुळे दहा स्रोत एकाच जाळ्यात सोडता येतात आणि शेपटीचा खर्च जवळजवळ तेवढाच राहतो. जाळ्यातून निघणारे आवाज ऐकणाऱ्याभोवती कल्पिलेल्या स्थिर दिशांना टांगावे लागतात. तसे केले नाही, तर मान वळवताच सगळी खोलीही सोबत वळते आणि भ्रम मोडतो.

मर्यादा : आवाज सर्व दिशांना सारखा पसरला आहे, हे गृहीतक सगळीकडे लागू पडत नाही. विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवली, की ती सुटी सुटी पुन्हा पुन्हा परत येते, आणि सज्जात भिंतीशी केलेली कुजबुज समोरच्या बाजूला स्पष्ट ऐकू येते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी अशा कुजबुज-सज्जांचा अभ्यास १९२२ च्या सुमारास प्रसिद्ध केला. साध्या जाळ्यातून तो घुमट उभा राहत नाही. वाहिन्यांची लांबी भिंतींच्या खऱ्या अंतरांवरून ठरवणारे विकिरण-विलंबजाल दे सेना, हाजिहबिबोलू, त्स्वेत्कोविच आणि स्मिथ यांनी २०१५ मध्ये मांडले. ते आयताकृती खोल्यांना उत्तम लागू पडते. दारातून जोडलेल्या खोल्यांसाठी मायक्रोसॉफ्टच्या ‘ट्रायटन’ प्रकल्पाने तरंगगणित आधीच करून त्याचे मोजके आकडे साठवण्याचा मार्ग घेतला. २०१६ च्या ‘गिअर्स ऑफ वॉर ४’ या खेळात तो वापरला गेला.