स्पेड आणि मार्लो: एका हॅटखालचे दोन गुप्तहेर

सॅम स्पेड आणि फिलिप मार्लो या कादंबऱ्यांतल्या दोन गुप्तहेरांची गल्लत होते ती मुख्यतः हॉलिवूडचा नट हम्फ्री बोगार्ट याच्यामुळे. 1941 मध्ये तो पडद्यावर स्पेड झाला, 1946 मध्ये मार्लो. तेव्हापासून मार्लोचा सरळपणा स्पेडच्याही खात्यात जमा होत आलाय.

पुस्तकं वाचताना पैशावर नजर ठेवावी. मार्लोचा दर दिवसाला 25 डॉलर आणि वर खर्च. रेमंड चँडलरच्या ‘द बिग स्लीप’मध्ये (1939) तो म्हाताऱ्या जनरल स्टर्नवुडला घेतलेले पैसे परत देऊ करतो. डॅशिएल हॅमेटच्या ‘द माल्टीज फाल्कन’मधला (1930) स्पेड मात्र त्याची अशील ब्रिजिड हिने दिलेल्या नोटा तिच्यासमोर मोजतो. पाचशे म्हणाली होती, निघतात चारशे. मग तो तिने स्वतःसाठी ठेवलेली गुंडाळीही मागून घेतो, त्यातल्या थोड्या नोटा परत करतो आणि दागिने कुठे गहाण टाकावेत तेही सांगतो!

त्याचा भागीदार आर्चर मारला जातो. आर्चरच्या बायकोशी स्पेडचे संबंध होतेच. दुसऱ्याच दिवशी तो दारावरचं आर्चरचं नाव काढायला सांगतो. तरी शेवटी खुनी ब्रिजिडला पोलिसांच्या हवाली करतो. का, याची सात कारणं तो तिला ओळीने ऐकवतो: भागीदार मेला तर काहीतरी करावंच लागतं, खुनी सुटला तर धंद्याचं नाव जातं, उद्या तूच मला गोळी घालशील... आठव्यावर स्वतःच थांबतो. प्रेम असेलही, पण ते तागडीच्या दुसऱ्या पारड्यात एकटंच.

मार्लो नेमकं उलट करतो. ‘द बिग स्लीप’मधला खून जनरलच्या धाकट्या मुलीने, करमेनने, केला हे कळूनही तो पोलिसांना सांगत नाही. म्हाताऱ्याला मरताना ते कळू नये म्हणून. करमेनला दूर नेऊन उपचार करा, एवढीच त्याची अट. म्हणजे कायदा पाळतो तो बदनाम स्पेड, आणि वाकवतो तो सज्जन मार्लो.

स्पेडला ‘मनातून हळवा’ ठरवण्याची घाई करू नये. मार्लो स्वतःच गोष्ट सांगतो, त्यामुळे त्याचं मन आपल्याला वाचायला मिळतं. स्पेडच्या बाबतीत हॅमेट फक्त हातवारे, चेहरा आणि बोलणं दाखवतो; आतलं एक वाक्यही देत नाही. ती सात कारणं खरी की पांघरूण, हे पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही. त्याची सेक्रेटरी एफीसुद्धा तो बरोबर वागला हे मान्य करते, आणि तरी त्याला म्हणते, आत्ता मला हात लावू नकोस.