‘बापच तो, मारणारच’: वाचकाच्या पहिल्या वाक्यामागचे मानसशास्त्र

बडोद्यात रावपुऱ्याच्या किंवा दांडिया बाजाराच्या एखाद्या घरी वाचनमंडळ बसले आहे, असे समजू. हातात एक आत्मकथन आहे. त्यात लहानपणी घरात सोसलेला मार आहे, वडिलांची दहशत आहे आणि सगळे दिसत असून गप्प राहणारी आई आहे. वाचन थांबते आणि कुणीतरी पहिले वाक्य बोलते. ‘एवढं सगळं जसंच्या तसं आठवतं कसं?’ किंवा ‘घरची लक्तरं वेशीवर टांगायची कशाला?’ किंवा ‘बापच तो, मारणारच. आम्ही नाही का मार खाऊन शिकलो?’

बोलणारी माणसे निर्दय नसतात. पण त्याच खोलीत एखादे माणूस असेही असू शकते, जे ते पहिले वाक्य ऐकूनच ठरवते की आपले कुणाला सांगायचे की नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली 13 राज्यांतल्या 12,447 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या राज्यांत गुजरातही होते. दर तीन मुलांपैकी साधारण दोघांनी शारीरिक छळ झाल्याचे सांगितले, आणि कुटुंबात मार खाल्लेल्यांपैकी 88.6 टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. ती मुले आज तिशीच्या आसपास आहेत. दहा जणांच्या मंडळात त्यांतले कुणी नाही, असे धरून चालणे चूक आहे.

आधी तिसऱ्या वाक्याकडे पाहू. 1966 साली मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी 72 विद्यार्थिनींना पडद्यावर एक दृश्य दाखवले. एक मुलगी चुकीचे उत्तर देते आणि दर चुकीला तिला विजेचा झटका बसतो. झटके खोटे होते, मुलगी अभिनय करत होती, पण पाहणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. ज्यांना तिचे झटके थांबवण्याची संधी मिळाली, त्यांचे तिच्याबद्दलचे मत फारसे बिघडले नाही. ज्यांना सांगितले गेले की हे असेच चालू राहणार, त्यांनी तिलाच कमी गुण दिले. सर्वांत कमी गुण कधी मिळाले? ती दुसऱ्यांच्या भल्यासाठी हे सोसायला तयार झाली आहे, असे कळले तेव्हा. जग न्यायी आहे, ज्याचे त्याला मिळते, हा विश्वास आपण लहानपणापासून जपतो. निरपराध मूल मार खाताना दिसले आणि आपल्याला काही करता येत नसले की तो विश्वास डळमळतो. मग तो सावरायला मन सोपा रस्ता धरते: ‘तिचंही काहीतरी चुकलं असेल.’

वाचकाची गत नेमकी हीच असते. पुस्तकातले मूल तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे, त्याला सोडवायला जाता येत नाही. म्हणून मला वाटते की चर्चा घेणाऱ्याने ‘असं बोलू नका’ म्हणत बसण्यापेक्षा वाचकाच्या हाती करण्याजोगे काहीतरी द्यावे. त्याकडे शेवटी येतो.

‘आठवतं कसं’ ह्या शंकेत अर्धे तथ्य आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवे. भीतीच्या क्षणी शरीरात नॉरॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरके वाढतात. जिथे लक्ष खिळलेले असते ते पक्के कोरले जाते: पट्ट्याचे बक्कल, दाराची कडी, ताटात तसाच राहिलेला भात. कोणते साल होते, आधी काय झाले, नंतर कोण आले, हे मात्र विरळ होते. शिवाय मार रोजचाच असेल तर वेगवेगळे दिवस एकमेकांत मिसळून ‘असं व्हायचं’ असे एकच चित्र उरते. म्हणून आत्मकथनात बक्कल लख्ख दिसते आणि तारखा चुकतात. भावाला तीच संध्याकाळ वेगळी आठवली, एवढ्यावरून दोघांपैकी कुणी खोटे ठरत नाही. तिसऱ्या वर्षाआधीचे मात्र फारच थोड्यांना काही खरोखर आठवते.

उरलेले अर्धेही सांगायला हवे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिक्रेल यांनी 1995 साली 24 जणांना, लहानपणी तुम्ही बाजारसंकुलात हरवला होतात, अशी खोटी हकिगत घरच्यांच्या नावाने सांगितली. चौथ्या हिश्श्याइतक्या लोकांना ती पूर्ण किंवा थोडीफार ‘आठवली’. म्हणून मंडळात कुणी अस्वस्थ दिसले तर ‘आठवून बघ, तुझ्या बाबतीतही काहीतरी झालं असेल’ असे चुकूनही म्हणू नये. आपण प्रश्नातून आठवण पेरू शकतो.

बडोद्याच्या वाचकांच्या बाबतीत एक गोष्ट खास लक्षात घ्यावी लागते. इथे घरात मराठी, बाजारात गुजराती, नातवंडांच्या हातात इंग्रजी पुस्तक. एकच आत्मकथन तिघे तीन भाषांत वाचतात आणि मग आजीला वाटते, नातीला काहीच कसे वाटले नाही? कॅथरिन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली मागाहून इंग्रजी शिकलेल्या तुर्की भाषकांच्या बोटांना संवेदक लावून त्वचेची विद्युतवाहकता मोजली. मन ढवळले की तळव्यांना सूक्ष्म घाम सुटतो आणि वाहकता वाढते. लहानपणी मोठ्यांनी रागावून म्हटलेली वाक्ये इंग्रजीपेक्षा तुर्कीत ऐकताना ती ठळकपणे जास्त वाढली. ‘थांब, येऊ दे बाबांना घरी’ हे वाक्य मराठीत वाढलेल्याला मराठीतच पोटात खड्डा पाडते. गुजराती अनुवादात तोच माणूस ते वाक्य शांतपणे वाचून जाईल. जड प्रकरण मोठ्याने वाचायचे असेल तर कोणत्या भाषेतून, हे वाचणाऱ्यालाच ठरवू द्यावे.

आता बैठकीबद्दल. आठ ते दहा माणसे पुरे, वेळ दीड तास, मोठ्याने वाचायची पाने दहा-बारा. जड भाग पहिल्या तासातच संपवावा. कारण साधे आहे: छाती सेकंदांत धडधडू लागते, पण लाळेतल्या कॉर्टिसॉलचा कळस ताण सुरू झाल्यावर वीस-तीस मिनिटांनी येतो. शेवटचे वाक्य मारहाणीचे आणि लगेच ‘चला, पुढच्या गुरुवारी भेटू’ असे केले, तर तो कळस माणसाला स्कूटरवर, मांडवीच्या गर्दीत गाठतो. शेवटची तीस मिनिटे चहा आणि इकडच्या-तिकडच्या गप्पांना ठेवावीत. कोणती पाने वाचणार ते आधी एका वाक्यात सांगावे आणि उठून जायची मोकळीक द्यावी. पण अशा पूर्वसूचनेने त्रास कमी होईल, अशी आशा नको. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अनेक प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले की सूचनेने वाचतानाचा त्रास घटत नाही, वाचण्याआधीची धाकधूक मात्र थोडी वाढते. म्हणून सूचना छोटी हवी, गंभीर चेहऱ्याने पाच मिनिटे नको.

एखादे माणूस गोठल्यासारखे बसले, नजर एका जागी खिळली, उत्तरे उशिरा येऊ लागली, तर अंगाला हात लावू नका. नावाने हाक मारा. आज कोणता वार, आपण कुठे आहोत, हे साध्या आवाजात सांगा. पाय जमिनीवर दाबायला सांगा, थंड पाण्याचा स्टीलचा पेला हातात द्या. ‘दीर्घ श्वास घे’ ह्या घाईच्या सल्ल्याने माणूस भराभरा खोल श्वास घेते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि घाबरणे वाढते. त्याऐवजी चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. लांब उच्छ्वासात व्हेगस ह्या मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूमुळे हृदयाची गती उतरते.

आणि कुणी बोललेच तर? जेनिफर फ्रेड यांनी 1990च्या दशकात मांडले की ज्याच्यावर जेवण आणि छप्पर अवलंबून आहे त्याच्याकडूनच घात होतो, तेव्हा न कळणे आणि न बोलणे हाच मुलाचा जगण्याचा मार्ग असतो. म्हणून ‘तेव्हाच का नाही सांगितलंस?’ हा प्रश्न अन्यायाचा आहे. सारा उल्मन यांच्या लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांच्या अभ्यासांत, सांगितल्यावर दोष किंवा अविश्वास वाट्याला आलेल्यांमध्ये आघाताची लक्षणे जास्त आढळली. ‘सांगितलंस ते बरं केलंस. तुझी चूक नव्हती. आता तुला काय हवं आहे?’ एवढे पुरते.

इथे एक चूक चांगली माणसेही करतात. ऐकण्याआधीच वचन देतात, ‘कुणालाही सांगणार नाही.’ सांगणारे अठरा वर्षांखालचे असेल आणि गोष्ट लैंगिक अत्याचाराची असेल, तर 2012च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दिलेले वचन मोडले की मुलाच्या लेखी दुसऱ्यांदा घात होतो. म्हणून आधीच सांगावे: ‘तुला सुरक्षित ठेवायला कुणाला सांगावं लागलं, तर ते तुला आधी सांगून करेन.’

काही वाचक अमेरिकेतल्या 1998च्या फेलिटी आणि अँडा यांच्या अभ्यासाप्रमाणे आपल्या बालपणीच्या आघातांचे गुण मोजतात. बालपणीच्या चार किंवा अधिक प्रकारच्या आघातांनंतर दारूचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट आढळला होता. ते वाचून माणूस हताश होते. पण तो हिशेब हजारो लोकांच्या गटाचा आहे, आणि त्यावरून एका माणसाचे भविष्य काढू नये, असे खुद्द अँडा यांनी 2020 साली लिहिले. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे तिसरा हिस्सा सक्षम, मायाळू माणसे बनला. त्यांच्याभोवती पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट म्हणजे घरातले किंवा घराबाहेरचे एखादे भरवशाचे मोठे माणूस.

हाती देण्याजोगे काय, ते आता. सयाजीरावांच्या काळात 1910 पासून बडोदे संस्थानाने ग्रंथालये उभारली आणि फिरत्या पेट्यांतून पुस्तके गावोगाव धाडली. ज्याला ग्रंथालयापर्यंत पोचता येत नाही त्याच्याकडे पुस्तकाने जावे, ही ती कल्पना. तिच्याच वाटेने मंडळातल्या प्रत्येकाने अशा आत्मकथनाच्या एकेका प्रतीसाठी छोटी चिठ्ठी लिहावी: मुलांसाठी मदतवाहिनी 1098, मनाच्या त्रासासाठी टेली-मानस 14416, दोन्ही विनाशुल्क, रात्रंदिवस. मराठीत आणि गुजरातीत, ठळक अक्षरांत. ग्रंथपालांना विचारून ती पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावरच्या खिशात ठेवावी, काउंटरवर नको. काउंटरवरची चिठ्ठी उचलताना कुणीतरी पाहत असते.